वरची दोन बोटं रिकामी

सात नंबरची बस बावीस वर्षं एकाच बाईच्या हातात होती. तिच्या सुट्टीच्या दिवशी दुसरा कोणी चालक आला, की रोजचे प्रवासी चढताना असं तोंड करायचे, जणू घराचं दार आईऐवजी शेजारणीनं उघडलंय. डेपोत सगळे तिला साताबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं आणि तिथंच सुखात नांदत होतं.

साताबाई उंचीनं बेताची, आवाजानं मोठी. मागच्या बाकावर दंगा करणाऱ्या मुलांना ती नुसतं आरशातून बघायची आणि मुलं दप्तरं मांडीवर घेऊन शहाण्यासारखी बसायची. धावत येणाऱ्यासाठी ती थांबायची, रमतगमत येणाऱ्यासाठी नाही. "त्याला घाई नाही, मग मी का खोटी होऊ?" हा तिचा न्याय. बावीस वर्षांत गाडी एकदाच कशाला तरी घासली, ती एका दुकानासमोरच्या फुलझाडाच्या कुंडीला. ती कुंडी चुकीच्या जागी होती, हे तिचं म्हणणं अजून बदललेलं नाही.

पहिली फेरी पहाटे पाच वीसला. शेवटच्या थांब्यावर अकरा मिनिटं मिळायची, त्यात तिचा नाश्ता. डेपोच्या कँटीनमधून बांधून घेतलेले लोणी फासलेले जाड पाव, वर भुरभुरलेली साखर, आणि थर्मासमधला तीन चमचे साखरेचा चहा. समोरच्या सीटवर तिचा कंडक्टर. त्याला डेपोत घंटी म्हणत, कारण तो गाडीची घंटा वाजवायचाच, शिवाय तोंडही तिच्यासारखंच चालायचं. तो स्वतःचा डबा कधी आणायचा नाही. "ताई, मला भूक नसते," असं म्हणत तिच्यातलं अर्धं खायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात डेपोच्या डॉक्टरांनी वार्षिक तपासणीचा कागद पुढे सरकवला.

"बाई, तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर सात पूर्णांक नऊ आली आहे."

"म्हणजे पास?"

"शाळेची परीक्षा नाही ही. इथे कमी मार्क मिळवायचे असतात." डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्मा काढून बोलणारे डॉक्टर साताबाईला कधीच आवडले नव्हते. "गोळी लिहून देतो. रोज चालायचं. वजन उतरवायचं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडा सातच्या खाली आला तर ठीक, नाही तर स्टिअरिंगवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवावं लागेल. नियम आहे, माझ्या हातात नाही."

साताबाई बाहेर आली ती थेट चौकशीच्या खिडकीपाशी. तिथे बसणारे दादा एके काळी अकरा नंबर चालवायचे. आता दिवसभर लोकांना सांगायचे, की बस येईल, येतेच आहे, आली असेल. बोलता बोलता त्यांचे दोन्ही हात टेबलावर नकळत गोल फिरत होते, डावीकडे थोडं, मग उजवीकडे. वळण संपलं की हात सरळ. दादांना ते ठाऊकसुद्धा नव्हतं. आपणही असंच टेबल चालवत बसणार, या विचारानं त्या दिवशी साताबाईनं धावत येणाऱ्या एका माणसालाही सोडून दिलं.

घरी ही गोष्ट तिनं दोघांनाच सांगितली, नवऱ्याला आणि लेकीला. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत त्याचं मशीन, आणि दातांत कायम दोन टाचण्या, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं "हं" मध्येच उरकायचं. लेक कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती, त्यामुळे घरातल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी होती.

तिसरे आप्पा, साताबाईचे वडील. त्यांना मात्र काही सांगायचं नाही असं ठरलं. आप्पांनी त्याच डेपोत चौतीस वर्षं रात्रपाळीला टाक्या भरल्या होत्या. संध्याकाळी एकेक बस आत आली, की लाकडी गज टाकीत बुडवायचा, डिझेल कुठवर आहे बघायचं आणि काठोकाठ भरून गाडी उभी करायची. नऊ वर्षांच्या साताबाईला त्यांनीच पहिल्यांदा चालकाच्या सीटवर बसवलं होतं. पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते तर खाली तेलाचा डबा ठेवला होता. मुलगी सात नंबर चालवते हे ते भाजीवाल्यालाही सांगत आणि तोच भाजीवाला दुसऱ्या दिवशी भेटला तर पुन्हा सांगत. हे कळलं तर त्यांचा जीव कसला थाऱ्यावर राहतोय, अशी साताबाईला धास्ती.

"आता नाश्त्याचं बघू," लेक म्हणाली. "ओट्स. पण शिजवायचे नाहीत."

"कच्चे खाऊ? मी बस चालवते, बसला जुंपत नाही कोणी मला."

"आई, ऐक तर. बरणीत अर्धी वाटी ओट्स, तेवढंच दूध, साय काढलेलं. दोन चमचे दही, चमचाभर जवसाची पूड. ढवळायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वरून ताजी फळं. साखर नाही, मध नाही, काही नाही."

"मग खायचं कशाला?"

"आणि वरची दोन बोटं रिकामी ठेवायची. ओट्स फुगतात. शिवाय फळांना जागा हवी."

आप्पा दारात उभे राहून हे ऐकत होते. "कसलं चाललंय?"

"फॅशन आहे, आजोबा," लेक घाईनं म्हणाली. "सगळे खातात हल्ली."

आप्पांनी बरणी उचलून दिव्यासमोर धरली, तळापासून वरपर्यंत नजर फिरवली आणि ती रिकाम्या दोन बोटांवर येऊन थांबली. "हं," म्हणाले. हा "हं" जावयाच्या "हं"सारखा नव्हता, पण त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या दिवशी साताबाईनं शेवटच्या थांब्यावर बरणी उघडली, ती एखाद्या पार्सलातून काय निघेल कोण जाणे अशा बेतानं. घंटीनं आपला चमचा आधीच काढला होता. त्याची खायची एक तऱ्हा होती: चमचा उभा तळापर्यंत खुपसायचा. "माल नेहमी खालीच असतो, ताई," हे त्याचं तत्त्व.

"कसं आहे?" साताबाईनं विचारलं.

"भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं," घंटी म्हणाला आणि दुसरा चमचा घेतला.

पण आठवड्याभरात चमत्कार झाला. ओट्स रोज जास्तच चवदार लागायला लागले. मऊ, दाट, गोडसर. बरणी सकाळी अगदी झाकणापर्यंत भरलेली असायची. फळांना जागाच उरायची नाही, म्हणून ती वेगळ्या डब्यात न्यायला लागली. "किती फुगतं गं हे!" असं तिनं लेकीला कौतुकानं सांगितलंही. लेक तेव्हा झोपेत होती. तिनं झोपेतच "हो" म्हटलं.

डेपोत साताबाई प्रचारक झाली. कँटीनवाल्याला तिनं तोंडावर सांगितलं, "तुझे पाव खाऊन बावीस वर्षं फुकट गेली. निरोगी खाणं गोडच लागतं, सवय लागते फक्त." मेकॅनिक, चौकीदार, तिकीट तपासनीस, सगळ्यांना कृती तोंडपाठ करायला लावली. दोघांनी घरी करून बघितली आणि साताबाईशी बोलणं टाकलं.

महिना झाला. डॉक्टरांनी मधली तपासणी केली. काट्यावर चढताना साताबाईनं चपलाच काय, केसातल्या पिनाही काढल्या.

"बाई, वजन दीड किलोनं वाढलंय."

"काटा बिघडलाय तुमचा."

डॉक्टर स्वतः काट्यावर चढले. काटा ठीक होता. उपाशीपोटीची साखरही जागची हलली नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा चष्मा काढला.

घरी येऊन तिनं नवऱ्यापुढे कंबर केली. "मोजा."

नवऱ्यानं टेप लावली, बघितलं, टेप गुंडाळली. "टेप जुनी झालीय," तो टाचण्यांतून म्हणाला.

"किती आली?"

"जुनीच आहे टेप."

रात्री जेवण झाल्यावर ती लेकीच्या टेबलाशी जाऊन बसली. गोळी घेते, संध्याकाळी चालते, पाव सोडले, साखर सोडली. मग हे काय होतंय? ती लेकीकडे रडत नव्हती, पण पदराशी चाळा करत होती, आणि साताबाईचे हात रिकामे चाळा करताना लेकीनं कधी पाहिले नव्हते. ते हात नेहमी काहीतरी धरलेले असत.

"बरणी सकाळी झाकणाला लागते म्हणालीस?" लेकीनं विचारलं.

"रोज."

"ओट्स इतके फुगत नाहीत, आई."

दुसऱ्या संध्याकाळी दोघींनी सारख्या दोन बरण्या भरल्या. बाबांच्या शिवणकामाच्या खडूनं काचेवर बाहेरून रेघ मारली. एक बरणी घरच्या फ्रिजमध्ये, दुसरी खालच्या मजल्यावर केक करणाऱ्या बाईंच्या. पहाटे साडेचारला साताबाई गणवेशात आणि लेक पांघरुणासकट, अशा दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. केकवाल्या बाईंकडची बरणी रेघेच्या अर्धा बोट वर. घरची बरणी थेट झाकणाला टेकलेली.

लेकीनं चमचाभर काढून चाखलं. "केळं. मध. आणि डब्यातलं घट्ट दूध. ते साखरेचं असतं ना, ते."

"रात्री कोण येऊन टाकी भरतंय माझी?" साताबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींनी मिळून आप्पांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

पहिली फेरी तर चुकवता येत नव्हती. चौकशी दुपारी जेवणाच्या टेबलावर झाली. आप्पांनी लपवाछपवी केलीच नाही, उलट त्यांना आनंदच झाला.

"अगं, रात्री अर्ध्या टाकीनं गाडी उभी करतात का कधी? रिकाम्या जागेत ओल धरते, सकाळी इंजिन खोकतं. चौतीस वर्षं मी एक गाडी अर्धी सोडली नाही, तर घरची सोडीन? मी वाट बघत होतो एखाद्या दिवशी तरी ही पोर बरणी नीट भरते का. नाही भरली. मग म्हटलं, आपणच भरावी."

"कशानं भरलीत ते सांगा."

"चांगल्याच मालानं. ते दूध किती पातळ होतं! असलं दूध डेपोत आलं असतं तर मी टँकर परत पाठवला असता. दोन पिकली केळी कुस्करायचो, चार चमचे घट्ट दूध, वरून मध. आवाज न करता ढवळायचो, अंधारात. या वयात."

"आजोबा, हा घात आहे," लेक म्हणाली.

आप्पा दुखावले. आणि दुखावलेला माणूस एकटा बुडत नाही. "माझ्या एकट्यावरच खटला का? जावईबापूंना विचारा की. दरवर्षी गणवेशाच्या शिवणी कोण सोडतंय? मी बसतो ना मशीनजवळ, मला दिसतं. नऊ वर्षं झाली."

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

साताबाईनं उठून खुंटीवरचा गणवेश काढला आणि उलटा केला. कंबरेच्या शिवणीत जुन्या टाक्यांची भोकं ओळीनं दिसत होती, एकीच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी. कापडात आता सोडायला माया, म्हणजे शिवणीआतली जादा पट्टी, जेमतेम धाग्याएवढी उरली होती. नऊ वर्षं ती सगळ्यांना अभिमानानं सांगत आली होती, की माझा गणवेश अजून तसाच बसतो.

"अहो!"

नवऱ्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. इतका गंभीर प्रसंग घरात यापूर्वी दोनदाच आला होता. "तू पहिल्यांदा म्हणालीस, घट्ट होतोय का हो? मी म्हटलं, नाही. मग ते खोटं पडू नये म्हणून..." त्यानं टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या.

"सगळे मिळून लाड करा माझे!" साताबाईचा आवाज चढला, सातव्या बाकापर्यंत पोचेल असा. "लाड करून करून खिडकीत बसवा मला! साखर सातच्या खाली नाही आली तर गाडी काढून घेणार आहेत, आप्पा! दोन महिने उरलेत. मग मी लोकांना सांगत बसेन, बस येतेच आहे म्हणून."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की जे आप्पांपासून लपवायचं होतं ते सगळं टेबलावर सांडलं आहे.

हातातला घास आप्पांनी ताटात परत ठेवला. साताबाईला वाटलं, झालं, आता यांची छाती धडधडणार, आता पाणी आणायला उठावं. ती उठतेय तोच आप्पांनी विचारलं, "तारीख काय?"

"कसली?"

"तपासणीची. गाडी कधी न्यायची आहे ते कळल्याशिवाय काम कसं लावायचं? आणि मला आधी का नाही सांगितलंस? फॅशन म्हणे! फॅशनच्या गाडीत कोणी काहीही भरतं."

लेकीनं वही आणली आणि आजोबांना सगळं पहिल्यापासून समजावलं. रात्री वरची दोन बोटं रिकामीच राहणार, हे त्यांना काही केल्या पटेना. "ओट्स दूध पितात, आजोबा. रात्रभर पिऊन फुगतात. जागा त्यासाठी."

"म्हणजे ही टाकी रात्री आपली आपणच भरते?"

"थोडी. उरलेली सकाळी फळांनी भरायची."

"मग आम्ही चौतीस वर्षं जागलो कशाला," आप्पा म्हणाले, पण वही त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून साताबाईच्या घरात आप्पांचं राज्य आलं. ते पहाटे चारला उठत, कपाळावर बॅटरीचा पट्टा बांधत, कारण दिवा लावला तर नात ओरडायची. पेरूच्या फोडी, सफरचंदाचे तुकडे, ते काळे पडू नयेत म्हणून लिंबाचे चार थेंब, कधी संत्रं, कधी मूठभर डाळिंबाचे दाणे. काठोकाठ. झाकण लावताना एक दाणा जरी दाबला गेला तरी उघडून पुन्हा रचायचे. दोन बोटं मोजायला त्यांनी आइस्क्रीमच्या काडीवर खुणा केल्या आणि ती काडी कानामागे खोचली. मधाची बाटली त्यांनी जावयाच्या कपड्यांच्या ताग्यांमागे लपवली आणि ती कुठे आहे हे स्वतःच विसरले.

पुढे तर त्यांनी डेपोच्या कँटीनवाल्यालाच फोन केला. तो त्यांचा जुना दोस्त. "माझ्या मुलीला पाव दिलास, तर तू रात्रपाळीला झोपायचास ते अजून माझ्या लक्षात आहे." साताबाईनं एकदा मोह होऊन खिडकीशी हात पुढे केला, तर कँटीनवाल्यानं खिडकीच लावून घेतली.

ओट्स आता पुन्हा ओट्ससारखे लागू लागले. घंटी पहिल्या दिवशी चमचा तळातून वर काढून बघतच राहिला. "ताई, घरात काही वाईट झालंय का?"

"का रे?"

"चव गेलीय."

"नियत जागेवर आलीय. खा नाहीतर घंटा मार."

त्यानं खाल्लं. चौथ्या दिवशी तो पेरूची फोड शोधत होता. दहाव्या दिवशी त्यानं आप्पांना निरोप पाठवला, की डाळिंब जरा जास्त आलं तर चालेल. आप्पांनी निरोप पाठवला, की बरणी एका चालकापुरती आहे.

महिनाभरानं नवऱ्यानं एक दिवस न सांगता टेप काढली. मोजलं. काही न बोलता गणवेश मशीनवर घेतला आणि सर्वांत बाहेरची शिवण उसवून तिच्या आतल्या ओळीवर मारली. साताबाई स्वयंपाकघरातून ते मशीन ऐकत होती. आवाज तोच, पण तिला तो त्या दिवशी वेगळा वाटला.

तपासणीच्या दिवशी आप्पा डेपोत येऊन बसले. येऊ नका म्हटलं होतं, म्हणून ते "सहज" आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. बसले ते नेमके चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर. आत दादांचे हात टेबलावर वळण घेत होते. आप्पा ते बघत होते आणि त्यांचा उजवा पाय जमीन दाबत होता, ब्रेकसारखा.

दार उघडलं. साताबाई बाहेर आली. कागद हातात. तिनं आप्पांकडे बघितलं आणि चेहरा अगदी पाडून खाली घातला.

आप्पांनी कागदासाठी हात पुढे केला.

"सहा पूर्णांक आठ," साताबाई म्हणाली.

"म्हणजे... वर की खाली?"

"खाली हो, आप्पा! सातच्या खाली!"

"मग तोंड असं कशाला केलंस, गाढवे?"

"एक महिना केळी खायला घातलीत. एक मिनिट तरी वसूल करू दे की."

आतून डॉक्टर म्हणत होते, की सहा महिन्यांनी पुन्हा यायचं, खाणं असंच ठेवायचं. आप्पांनी दारातूनच हात वर करून त्यांना सांगितलं, की काळजी नको, टाकीवर माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी पाच वीसला सात नंबर सुटली. शेवटच्या थांब्यावर साताबाईनं बरणी उघडली. वर संत्र्याच्या फोडी चाकासारख्या गोल रचलेल्या. घंटीनं नेहमीसारखा चमचा उभा तळापर्यंत खुपसला, आपला वाटा घेतला आणि आज न बोलता खिडकीबाहेर बघत राहिला. साताबाई सावकाश खात खात खाली पोचली, आणि तळाशी चमच्याला काहीतरी चिकट लागलं. खजूर. एकच, बी काढलेला.

तिनं तो खाल्ला. मग घरी फोन लावला.

"आप्पा, टाकीत कचरा सापडला."

"नातीला सांगू नकोस," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "आजच्या दिवसापुरता. किती सापडले?"

"एक."

"एक? मी दोन टाकले होते."

साताबाईनं फोन खाली घेतला आणि मान वर करून आरशात बघितलं, मागच्या बाकावरच्या मुलांकडे बघायची तसं.

घंटीचं तोंड चावता चावता थांबलं.